गुंडाळलं म्हणजे गोठलं नाही

टीममधल्या नव्या मुलाने परवा ऑर्डरमधल्या ओळी फक्त वाचायला देणारा माझा ‘ऑर्डरलाइन्स’ क्लास उडवला आणि कारण म्हणून एक पोस्ट पुढे केली. आठवड्यात तिसऱ्यांदा तीच. म्हणणं असं: जावा या प्रोग्रामिंग भाषेत रीड-ओन्ली कलेक्शनसाठी, म्हणजे बाहेरून वाचता येईल पण बदलता येणार नाही अशा यादीसाठी, वेगळा क्लास हा जुनाट हट्ट आहे. फील्डला फायनल लावा, गेटरमध्ये (लिस्ट बाहेर देणाऱ्या मेथडमध्ये) ‘कलेक्शन्स.अनमॉडिफायेबललिस्ट’ने गुंडाळून द्या. लिस्ट कायमची गोठली, वर थ्रेड-सेफही झाली, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या अनेक थ्रेडनी वापरली तरी बिघडत नाही. कॉपी महाग पडते, आणि स्वतःचा क्लास केलात तर पंचवीस मेथड लिहा, शिवाय त्यात भोकं राहतात ती वेगळीच.

फायनलचं आधी उरकतो. त्या व्हेरिएबलला दुसरी लिस्ट लावता येत नाही, एवढंच. आहे त्या लिस्टमध्ये अ‍ॅड खुशाल चालतं.

‘गोठली’ हा मात्र कहर आहे. जावाच्या अधिकृत डॉक्युमेंटेशनमध्ये या मेथडच्या पहिल्याच वाक्यात ‘व्ह्यू’ हा शब्द आहे, म्हणजे मूळ लिस्टकडे बघायची नुसती खिडकी. तेवढं एक वाक्य वाचलं असतं तर पोस्ट लिहायची वेळच आली नसती. मुलाला करूनच दाखवलं: अ‍ॅरेलिस्टमध्ये (जावाची नेहमीची, बदलता येणारी लिस्ट) तीन ओळी टाकल्या, ती गुंडाळून दुसऱ्या व्हेरिएबलमध्ये ठेवली, मग मूळ लिस्टमध्ये चौथी ओळ घातली. गुंडाळलेल्या लिस्टचा साइझ? 4. मग गुंडाळलेल्या लिस्टवर फॉर-ईच लूप फिरत असतानाच मूळ लिस्टमध्ये अ‍ॅड केलं. पुढच्याच फेरीला कॉन्करन्टमॉडिफिकेशनएक्सेप्शन, म्हणजे फिरता फिरता लिस्ट बदलल्याची एरर. यासाठी दुसरा थ्रेडसुद्धा लागला नाही. घ्या थ्रेड-सेफ्टी!

गोठवायचं तर कॉपीच हवी. 2018च्या जावा 10पासून ‘लिस्ट.कॉपीऑफ’ आहे, आणि दिलेली लिस्ट ‘लिस्ट.ऑफ’ने बनलेली, म्हणजे मुळातच न बदलणारी, असेल तर ते सहसा नवी कॉपी करतही नाही. महागाईचं रडगाणं तिथेच संपलं.

पंचवीस मेथड? अ‍ॅब्स्ट्रॅक्टलिस्ट हा जावाचा अर्धा तयार क्लास एक्स्टेंड केला तर गेट आणि साइझ, दोनच. माझा क्लास तर लिस्ट नव्हताच: इटरेटर (एकेक ओळ हातात देणारा), साइझ आणि एकूण रक्कम, बस. त्यावर अ‍ॅड लिहिलं तर कोड कंपाइलच होत नाही. गुंडाळलेल्या लिस्टवर ते बिनबोभाट कंपाइल होतं आणि चालवताना अनसपोर्टेडऑपरेशनएक्सेप्शन तोंडावर येतं.

भोकांचं तेवढं नाइलाजाने मान्य. माझा क्लास आतल्या अ‍ॅरेलिस्टचा इटरेटर जसाच्या तसा बाहेर देत होता, आणि त्या इटरेटरवर रिमूव्ह चालतं! बाहेरून कुणीही ऑर्डरची ओळ उडवू शकलं असतं. आता कन्स्ट्रक्टरमध्ये (ऑब्जेक्ट बनताना चालणाऱ्या कोडमध्ये) कॉपीऑफ आहे आणि इटरेटर त्या कॉपीचा. क्लास परत आलाय. रिमूव्हची टेस्ट त्याच मुलाकडून लिहून घेतली.