स्वेटरला थंडी दाखवताना

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी बेळगावहून सासूबाईंनी स्वतःच्या हातांनी विणलेला स्वेटर पाठवला, आणि तेव्हापासून आमच्या गोव्यातल्या रायबंदरच्या घरात हिवाळा ही माझ्या एकट्याची जबाबदारी होऊन बसली आहे. स्वेटर जाड चॉकलेटी लोकरीचा, पुऱ्या बाह्यांचा आणि बंद गळ्याचा आहे. छातीवरून वेणीची वीण खाली उतरते, आणि मानेशी दुमडलेली पट्टी इतकी घट्ट आहे की डोके आत घालताना दोन्ही कान मुडपतात आणि बाहेर काढताना चष्मा आतच राहतो. पुढे बटणे असती तर निदान अंगावर ठेवून उघडा टाकण्याची पळवाट मिळाली असती. सासूबाईंनी ती ठेवलेली नाही.

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंचीवर आहे. ज्या बाईने जन्मभर शाल पांघरून पहाटेचे दूध तापवले, तिला आपला जावई जानेवारीत पंखा चारावर ठेवून झोपतो हे सांगण्याचे धैर्य मला दहा वर्षांत झालेले नाही. दर डिसेंबरात फोन येतो, "जावईबापू, थंडी पडली ना? स्वेटर घालता ना?" आणि मी टॉवेलने मान पुसत "हो, हो, रोजच," असे सांगतो. या वर्षी मात्र त्यांना नातवाने व्हॉट्सअ‍ॅप शिकवले आणि त्यांनी फोटो मागितला. तोही घरातला नको, बाहेर काढलेला हवा, आणि मागे थंडी दिसायला हवी.

आता गोव्यात थंडी नसतेच असे म्हणणे अन्यायाचे होईल. ती असते, पण पहाटे येऊन पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंपू वाजेपर्यंत निघून जाते. रात्री आकाश निरभ्र असल्यामुळे जमीन आपली ऊब सोडून देते, घाटाच्या बाजूने मतलई वारा उतरतो आणि पणजीचा पारा 20 अंशांच्या आसपास येतो. त्यानंतर सूर्य वर येतो आणि दुपारी तोच पारा 32 वर जातो. समुद्राकडून खारा वारा वेळेवर सुटला तर ठीक, पण पूर्वेचे वारे जोरात असले की तो अडून राहतो, आणि मग जानेवारीतली दुपारसुद्धा मे महिन्याची आठवण करून देते. याउलट भर जुलैत, पावसाच्या कृपेने, पणजीची दुपार 29 अंशांच्या आसपास असते. तेव्हा शास्त्राला धरून वागायचे तर मी हा स्वेटर आषाढात, छत्रीखाली घालायला हवा; पण आषाढातला फोटो सासूबाईंना थंडीचा म्हणून कसा खपवणार?

मागे एकदा मी हे काम फेब्रुवारीवर ढकलले होते, म्हटले, जाता जाता तरी थंडी एकदा मागे वळून बघेल. ते साल 2025. महिन्याच्या शेवटी हवामान खात्याने गोव्याला थेट उष्णतेच्या लाटेचा इशारा दिला. गंमत अशी की खात्याच्याच हिशेबात जानेवारी आणि फेब्रुवारी हे हिवाळ्याचे महिने आहेत. किनारपट्टीवर लाट जाहीर व्हायला कमाल तापमान 37 अंशांवर जावे लागते, आणि आमच्या हिवाळ्याने ती इयत्ता गाठायचे मनावर घेतले होते. डांबराच्या गोळ्यांसकट स्वेटर मुकाट्याने कपाटात परत गेला.

या वर्षी म्हणून जानेवारीतच हालचाल केली. पहिला प्रयत्न घराजवळचा. रायबंदरहून फेरीबोटीने मांडवी ओलांडली की चोडण, आणि धक्क्यापासून चार पावलांवर डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य. खारफुटीतली पायवाट, पाण्यावरून सरकणारे धुके आणि हाती दुर्बीण असलेला स्वेटरधारी जावई, असे चित्र मी मनाशी योजले होते. पहिल्या फेरीबोटीत मोटारसायकलींच्या गर्दीत उभे राहिल्यावर इंजिनांच्या उबेने पहिला घाम फुटला, आणि अभयारण्यात शिरेपर्यंत तो पाठीवरून कमरेला पोचला. खारफुटीत वारा शिरत नाही, हे मला आजवर कोणी सांगितले नव्हते. चिखलात निवट्या उड्या मारत होत्या, समोरच्या फांदीवर काळ्या डोक्याचा खंड्या बसला होता, आणि ओहोटीच्या काठावर तुतवार शेपटी हलवत किडे टिपत होते. हे तुतवार उत्तरेकडच्या कडाक्याच्या थंडीला कंटाळून हजारो किलोमीटर उडत आमच्याकडे येतात, कारण इथे उबदार असते. त्यांच्यादेखत मी लोकर घालून थंडी शोधत होतो. एका तुतवाराने मान तिरकी करून माझ्याकडे पाहिले, ते मी अजून विसरलेलो नाही. फोटो काढण्याआधीच बायकोने मला स्वेटरमधून ओढून बाहेर काढले, कारण माझा चेहरा कोकमासारखा झाला होता.

दुसरा प्रयत्न जरा अभ्यास करून केला. हजार मीटर चढले की साधारण साडेसहा अंश कमी होतात, आणि चोर्ला घाटातले सुर्ला गाव सुमारे आठशे मीटरवर आहे, म्हणजे पाच अंशांची निश्चिती. पहाटे चार वाजता स्कूटर काढली. डिचोली सोडल्यावर वाऱ्याने खरोखर हुडहुडी भरली आणि मी इतका आनंदलो की साखळीला गाडी थांबवून भाजीपाव मागवला. तीच चूक झाली. भाजी आली, चहा आला, मग दुसरा उंडा आला, आणि केरी ओलांडून घाट चढेपर्यंत पूर्वेला फटफटले होते.

तरीही वर धुके होते. खालची सगळी दरी कापूस पिंजून भरावा तशी भरली होती. मार्च 2023 मध्ये म्हादई अभयारण्यातले डोंगर पेटले तेव्हा नौदल आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरे पाणी ओतायला आली होती, आणि त्याच आठवड्यात उन्हामुळे गोव्यातल्या शाळा दुपारी बाराच्या आत सोडाव्या लागल्या होत्या. त्याच डोंगरांकडे पाठ करून मी स्वेटर चढवला. मला क्षणभर, खरे सांगतो, थंडी वाजली.

"हात खिशात घाला," बायको म्हणाली. स्वेटरला खिसे नव्हते. "मग चोळा." मी हात चोळले. तिने फोन आडवा धरला, उभा धरला, मग लेन्स पदराने पुसली. तेवढ्यात फोनने जागा संपल्याचे सांगितले आणि ती एकेक करून जुन्या शुभ सकाळी पुसू लागली. तिच्या भावाकडून आलेल्या शुभ सकाळी संख्येने पुष्कळ होत्या. मी हात चोळत उभा राहिलो. सूर्य कड्याच्या वर आला, दरीतले धुके माझ्या डोळ्यांदेखत विरले, आणि मागून एक गावकरी गंजीफ्रॉकवर, खांद्यावर कोयता टाकून, माझ्याकडे काळजीने बघत गेला. उतरताना केरीला एका काजू बागायतदाराला मी थंडीचे विचारले. त्याने मोहराकडे बोट दाखवले. पहाटेची थंडी टिकली आणि आभाळ आले नाही तरच तो धरणार होता, त्यामुळे थंडीची चौकशी करणारा मी या मोसमातला पहिला नव्हतो.

फोटो मात्र निघाला होता. गंजीफ्रॉकवाला कापून बायकोने तो पाठवला, आणि संध्याकाळी बेळगावहून फोन आला.

"केवढी हो थंडी तुमच्याकडे!" सासूबाईंचा आवाज कातर झाला होता. "जावईबापू, तुमच्या कपाळावर दव साचलेले स्पष्ट दिसते. मी कानटोपी विणायला घेतली आहे. डोक्याचे माप आजच कळवा."

बायकोने टेप आणून माझ्या डोक्याभोवती गुंडाळली तेव्हा पंखा पाचावर होता, आणि तरी टेप कपाळाला चिकटून बसली.