पहिल्या पराभवानंतरचे सहा सामने

सतरा वर्षांखालील मुलांच्या बास्केटबॉल विश्वचषकाची चर्चा आपल्याकडे फारशी होत नाही. 2010 साली हॅम्बुर्गमध्ये सुरू झालेल्या या स्पर्धेची 2024 च्या इस्तंबूलपर्यंतची सातही विजेतेपदे अमेरिकेने पटकावली, त्यामुळे विजेता ठरलेलाच आहे, मग पाहायचे काय, असे विचारणारे मित्र मला भेटतात. मी ही स्पर्धा पाहतो ती तिच्या आखणीसाठी, आणि गोव्यातील प्रत्येक शारीरिक शिक्षण शिक्षकाने ती आखणी एकदा कागदावर मांडून पाहावी असे मला मनापासून वाटते.

स्पर्धेत सोळा देश असतात. चार-चार संघांच्या चार गटांत साखळी सामने होतात आणि त्यानंतर कोणीही घरी जात नाही. गटात तिन्ही सामने हरलेला संघसुद्धा पुढच्या फेरीत खेळतो. तिथे हरलेले आठ संघ नवव्या ते सोळाव्या क्रमांकासाठी आपापसांत खेळत राहतात. परिणामी विजेत्या संघाच्या वाट्याला जितके सामने येतात तितकेच, म्हणजे सात, सोळाव्या क्रमांकाच्या संघाच्याही वाट्याला येतात. इस्तंबूलमध्ये हे सारे नऊ दिवसांत बसवले होते. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला दूरदेशी नेऊन एका पराभवावर परत पाठवायचे नाही, असा हा विचार आहे आणि तो मला अतिशय शहाणपणाचा वाटतो.

आता आपल्याकडचे चित्र पाहा. माझी भाची फोंडा तालुक्यातील एका शाळेच्या संघात खेळते. जून ते सप्टेंबर सिमेंटच्या उघड्या कोर्टवर पाऊस कोसळत असतो. पाऊस थांबला की मुली आधी खराट्याने पाणी लोटायच्या आणि मग सराव करायच्या. असा तीन महिने सराव करून त्या आंतरशालेय स्पर्धेला गेल्या, पहिल्याच सामन्यात चार गुणांनी हरल्या आणि दुपारच्या जेवणाच्या आत बालरथात, म्हणजे शाळेच्या बसमध्ये, बसून परतल्या. संघातील बारापैकी चौघी क्षणभरही कोर्टवर उतरल्या नव्हत्या. त्यांच्या शिक्षकांना मी दोष देणार नाही. हरलो तर आज सगळेच संपते हे ठाऊक असताना कोणता प्रशिक्षक अटीतटीच्या सामन्यात नवख्या मुलीला उतरवील?

बाद पद्धतीत सोळा संघांचे पंधरा सामने होतात आणि त्यातील आठ संघ, म्हणजे निम्म्या शाळा, वर्षातून एकच सामना खेळतात. विश्वचषकाच्या पद्धतीत त्याच सोळा संघांचे छप्पन सामने होतात. छप्पन सामने आपल्याला झेपणार नाहीत, हे मलाही मान्य आहे. पंच मोजके, शाळेच्या चाचण्या, मध्येच चवथीची सुट्टी, शिवाय उघडी कोर्टे. पण आठ शाळांची स्पर्धा घेतली, तर प्रत्येक संघाला तीन सामने द्यायला एकूण बाराच सामने लागतात. बाद पद्धतीत ते सात असतात. फरक केवळ पाच सामन्यांचा आहे. फिबा या आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या नियमांनुसार सामना दहा-दहा मिनिटांच्या चार सत्रांचा असतो. तालुका पातळीवर सत्रे सहा मिनिटांची ठेवली, तर दोन दिवसांत हे आटोपते. 2023 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांच्या वेळी कांपाल, पेडे आणि नावेली येथील बंदिस्त स्टेडियम आपण सर्वांनी पाहिली; त्यांतील एखादे पावसाळ्यात दोन दिवस शाळांना मिळावे, ही मागणी काही अवाजवी नाही.

हरल्यानंतर पुन्हा संधी मिळाली की काय घडते, याचे उदाहरण म्हणून मला 1987 ची इटलीतील बोर्मिओ येथील कनिष्ठ गटाची जागतिक स्पर्धा आठवते. गटातील सामन्यात युगोस्लाव्हियाच्या टोनी कुकोचने अकरा थ्री पॉइंटर, म्हणजे दुरून मारलेले तीन-तीन गुणांचे फेक, मारून अमेरिकेला हरवले, तरीही अमेरिकेची वाटचाल तिथे थांबली नाही आणि अंतिम सामन्यात हेच दोन संघ पुन्हा समोरासमोर आले. अमेरिका तोही सामना हरली. पण आपल्याला हरवणाऱ्या संघाला ओळखून, तयारी बदलून, त्याच्यासमोर पुन्हा उभे राहण्याचा अनुभव त्या मुलांना मिळाला. आपल्या मुलांना तो कधी मिळतच नाही.

आशियातही संघांची वरचा अ आणि खालचा ब अशा दोन विभागांत वाटणी करून मुलांना तुल्यबळ प्रतिस्पर्धी दिले गेले. 2017 साली बंगळूरुमध्ये आपल्या सोळा वर्षांखालील मुलींनी मलेशियाला अंतिम सामन्यात हरवून ब विभाग जिंकला आणि अ विभागात स्थान मिळवले. सुरुवातीलाच त्यांना चीन-जपानसमोर उभे करून पन्नास-साठ गुणांनी हरवले असते, तर त्यातून त्या काय शिकल्या असत्या?

येत्या पावसाळ्यापूर्वी तालुक्यातील शाळांच्या शिक्षकांना आणि क्रीडा खात्याला आठ शाळांच्या स्पर्धेचा हाच आराखडा लिहून देण्याचे मी ठरवले आहे. त्यात एक कलम माझ्या भाचीने सुचवले आहे आणि मी ते तसेच ठेवणार आहे: क्रमांक ठरवणाऱ्या शेवटच्या सामन्यात बाराही मुलींनी निदान एक सत्र खेळलेच पाहिजे. चार सत्रे आणि पाच जागा, म्हणजे वीस पाळ्या. बारा जणींना त्या सहज पुरतात. त्या दिवशी बाकावर बसून राहिलेल्या चौघींपैकी एक ती स्वतः होती.