‘पुन्हा तोच कचरा’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार,

एक स्टार देऊन तुम्ही तीन तक्रारी लिहिल्यात. पुस्तकांच्या यादीतली बिघडलेली देवनागरी अक्षरं दुरुस्त करायला चार दिवस लावले, परत आलेली फाइल एक्सेलमध्ये उघडली तर पुन्हा तोच कचरा, आणि काही ओळींत अक्षरांच्या जागी आलेली प्रश्नचिन्हं तर जशीच्या तशी.

मधली तक्रार आधी घेतो, कारण ती सरळसरळ आमची चूक आहे. फाइल यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांची अक्षरं बाइटमध्ये (संगणकाच्या आकड्यांत) लिहिण्याच्या पद्धतीत होती, पण तिच्या सुरुवातीला बीओएम ही त्या पद्धतीची खूण, म्हणजे ईएफ-बीबी-बीएफ हे ३ बाइट, घालायचे राहिले. आमचं काम लिनक्सवर चालतं, तिथे त्यांच्यावाचून काही अडत नाही. विंडोजवर सीएसव्हीवर (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या मजकुराच्या फाइलवर) डबल-क्लिक केलं की एक्सेल ही खूण बघतं. नसली तर मशीनचं जुनं कोडपेज, म्हणजे कोणता बाइट कोणतं अक्षर हे सांगणारा तक्ता, धरून चालतं. तुम्ही विंडोजवर उघडणार हे ठाऊक असूनही आम्ही तिथे उघडून पाहिलं नाही. माफ करा. बीओएम घातलेली फाइल आज पाठवली आहे.

आता चार दिवस. हे काम एका कमांडचं आहे असं तुम्हाला कुणीतरी सांगितलेलं दिसतं. बऱ्याचदा असतंही. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं. तुमच्या यादीतले बाइट कुणीतरी विंडोज-१२५२ या रोमन लिपीच्या कोडपेजमधले (त्यात एका बाइटचं एक चिन्ह) समजून वाचले आणि तसेच सेव्ह केले, म्हणून ‘नाना’ची ४ चिन्हं १२ झाली. हे उलटं फिरवता येतं. पण त्या तक्त्यात ५ जागा रिकाम्या आहेत, आणि हलन्ताचा तिसरा बाइट, ८डी, नेमका त्यातल्या एका जागेवर येतो. ऱ्हस्व उकाराचा तिसरा बाइट ८१, तोही रिकाम्या जागेवर. काही प्रोग्रॅम असे बाइट गुपचूप ठेवतात; तुमची फाइल ज्यातून गेली त्याने ते टाकून दिले. उरले फक्त ई०-ए५. म्हणजे तिथे हलन्त होता की उकार, हे फाइल सांगत नाही. ‘पुस्तक’ असेल तर ठीक, दुसरा शब्दच होत नाही. पण ‘कर्ण’ की ‘करुण’? ‘वर्ण’ की ‘वरुण’? कमांडला काय कळणार! प्रत्येक ओळ लेखक आणि विषय बघून माणसाने लावली. त्यात कुठे आमचा अंदाज चुकला असेल तर ओळ क्रमांक कळवा, दुरुस्त करून देऊ.

प्रश्नचिन्हांचं दुखणं वेगळं आहे. त्या ओळी विंडोजवर नव्याने टाइप करून साध्या सीएसव्हीत, म्हणजे मशीनच्या जुन्या कोडपेजमध्ये, सेव्ह झाल्या होत्या. त्या कोडपेजमध्ये देवनागरीच नाही, म्हणून प्रत्येक चिन्हाच्या जागी खरोखरचं प्रश्नचिन्ह लिहिलं गेलं. मागे काही लपलेलं नाही, आम्ही काढणार कुठून? मात्र फाइल हातात आल्या आल्या आम्ही हे सांगायला हवं होतं. ते न सांगता त्या ओळींचेही पैसे घेतले, हे बरोबर झालं नाही. ते परत केले आहेत.

त्या ओळी असलेली जुनी एक्सएलएसएक्स (एक्सेलची स्वतःच्या प्रकारची) फाइल कुणाच्या मशीनवर राहिली असेल तर अक्षरं तिच्यात शाबूत सापडतील. मिळाली तर पाठवा, पण कृपा करून सीएसव्ही करून नको, आहे तशीच.