सलाईन कोणाला लावलंय?

पाल पळवायला आई झाडू घेऊन स्टुलावर चढली होती, पाल ट्यूबलाइटच्या मागं, बाबा खालून "डावीकडं, डावीकडं" करतायत, आणि नेमकं त्याच वेळी मी सांगितलं की मी शॅमेलिऑन आणतोय. आईला वाटलं फोन. "हप्त्यावर घेतोयस का?" एवढंच विचारलं तिनं. मीपण पुढं काही बोललो नाही, माझीच चूक. दोन दिवसांनी तिला कळलं की शॅमेलिऑन म्हणजे सरडा, आणि तोही विकतचा, तेव्हा म्हणाली, "पालीला झाडू आणि सरड्याला पगार. वा!"

आम्ही राहतो गिरगावातल्या चाळीत, दुसरा मजला, दोन खोल्या, बाहेर सगळ्यांची मिळून एक गॅलरी. ऑफिसातला एक यूपीवाला मित्र अजून सांगतो की गिरगावात गिरगिट, नावातच होतं तुझ्या, आणि दर वेळी स्वतःच हसतो. कुत्र्याला जागा नाही, मांजर चाळीची असतेच, मासे बघितले की आईला रवा आठवतो. म्हटलं हा शांत प्राणी, भुंकत नाही, केस गळत नाहीत, कोपऱ्यात पडून राहील. तर त्या "कोपऱ्यात पडून राहील" मध्येच सगळा घात होता, कारण या प्राण्याला खरंच कोपऱ्यात एकटं पडून राहायचं असतं, कुणी बघायला नको, हात लावायला नको, जोडीला दुसरा सरडापण नको. आमच्या चाळीत असा कोपरा माणसाला मिळत नाही, मला अठ्ठावीस वर्षांत मिळालेला नाही.

शेजारचे नाना पहिल्याच दिवशी म्हणाले, "पैसे कशाला घातलेस, आमच्या गावी कुंपणावर ढिगानं असतात." मी सांगितलं की नाना तो वेगळा, तो मान लाल करणारा बागेतला सरडा. आपल्याकडं खरा शॅमेलिऑनपण आहे जंगलात, पण तो वन्यजीव संरक्षण कायदा 1972 खाली येतो, पकडून घरी ठेवला तर मला कोठडीत ठेवतील. आमचा मूळचा येमेन आणि सौदीकडचा, व्हेल्ड शॅमेलिऑन, पिंजऱ्यातच जन्मलेला. "म्हणजे आखाती," असं म्हणून नानांनी विषय संपवला, आणि तेव्हापासून त्याच्याकडं जरा आदरानं बघायला लागले. हे विदेशी प्राणी आता केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदवावे लागतात, 2024 ला नियम आले तसे. ते मी रात्री जागून केलं. आमच्या खोलीची भाडेपावती अजून आजोबांच्या, म्हणजे आप्पांच्या नावावर आहे, आप्पा जाऊन 11 वर्षं झाली तरी. माझ्या नावावर या जगात कायदेशीररीत्या लागलेली पहिली गोष्ट म्हणजे हा सरडा.

आला तेव्हा तीन महिन्यांचा होता, शेपटी धरून माझ्या तळहाताएवढा. मागच्या पायाच्या टाचेला बारीक काट्यासारखा उंचवटा, म्हणजे नर, हे यांच्यात अंड्यातून बाहेर आल्यापासून कळतं. फांदीवर ठेवला तर एक पाय उचलला, तो हवेतच ठेवून मागंपुढं डुलला, विचार केला, मग टेकवला, मग दुसरा. वाऱ्यानं हलणारं पान वाटावं म्हणून ते असं चालतात म्हणे. बाबा बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "अरे हे तर आपले आप्पा." आईनं पदर तोंडाला लावला. जिना चढताना आप्पा हुबेहूब असेच करायचे, एक डोळा पायरीकडं आणि दुसरा कोण बघतंय तिकडं. याचे तर दोन डोळे खरंच दोन दिशांना फिरतात. नाव तिथंच पडलं.

नियम असा की पिंजरा आधी लावायचा आणि दोन-तीन दिवस उष्णता, ओल वगैरे तपासून मग प्राणी आणायचा. मी अर्थातच सरडा आधी आणला आणि सुताराला मग फोन केला. काचेची पेटी नको, हवा खेळली पाहिजे, म्हणून चारी बाजूंनी जाळी. सुतारानं लाकडी फ्रेमला डासांची नायलॉनची जाळी मारून दिली, स्वस्तात. सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात, पण कुंपण नायलॉनचं असलं तर रातकिड्यांची धाव फ्रिजपर्यंत जाते हे मला तेव्हा माहीत नव्हतं, ते पुढं येईलच.

शिवाय पिंजरा उंच पाहिजे. आपण वरून बघितलं की यांना वाटतं शिकारी पक्षी आला. म्हणून लोखंडी कपाटावर ठेवला आणि आत मनी प्लांट, जास्वंदीचं रोप, फांद्या. लगेच आईचा आक्षेप: "देवाच्या वर सरडा?" कारण देव्हारा कपाटाशेजारी, पण खालच्या फळीवर. मी म्हटलं देवाला वर नेऊ, तर तिला उदबत्ती लावायला हात पुरेना. शेवटी बाबांनी निकाल दिला की देव बसलेले आहेत, हा लोंबकळतोय, लोंबकळणाऱ्याची उंची धरत नाहीत. असली कायदेशीर डोकी आमच्या घरात आहेत आणि तरी पावती आप्पांच्याच नावावर.

मग दिवे. लागतात दोन: एक ऊब द्यायला आणि एक अतिनील किरणांचा, यूव्हीबी ट्यूब म्हणतात ती. त्या किरणांशिवाय अंगात ड जीवनसत्त्व नीट तयार होत नाही, मग खाल्लेलं कॅल्शियम लागत नाही आणि वाढत्या पिल्लाची हाडं मऊ पडून वाकतात. आई म्हणाली, "खिडकीत ठेव, ऊन फुकट आहे." पण बंद काचेतून हे किरण येतच नाहीत, आणि गॅलरीतल्या उघड्या उन्हात ठेवावं तर गिरगावातले कावळे. गेलो लोहार चाळीत, विजेच्या सामानाच्या बाजारात. दुकानदारानं आधी डास मारायचा निळा दिवा दाखवला, मग झीरोचा. यूव्हीबी ट्यूब काय तिथं मिळाली नाही, ती नंतर मागवली आणि ती दर वर्षी बदलायची आहे, दिसायला चालू असली तरी किरण कमी होतात, हे मी घरी अजून सांगितलेलं नाही. मग जुन्या तारेचा 40 वॅटचा बल्ब मागितला.

"ते आता कोण घेतं साहेब, एलईडी घ्या, अजिबात गरम होत नाही."

"मला गरमच पाहिजे."

"वॉरंटी आहे यावर, दोन वर्षं..."

"गरम होतो का?"

"नाही ना!"

अशी दहा मिनिटं. चौथ्या दुकानात एका आजोबांकडं धूळ खात पडलेला मिळाला. पळत घरी आलो, बल्ब लावायच्या आधी थर्मामीटर बघितला. पिल्लाला उबेच्या जागी साधारण 27 ते 29 अंश लागतात. महिना मे. बल्ब न लावता खोलीत 33. म्हणजे येमेनच्या प्राण्याला मी गरम करायला निघालो होतो मुंबईत, मे महिन्यात. बल्ब डिसेंबरसाठी बांधून माळ्यावर टाकला आणि आता उलटी पंचाईत, की पंखा लावायचा पण वारा थेट अंगावर नको. टेबलफॅन भिंतीकडं तोंड करून. बाबा घामाघूम, लुंगीचं टोक हलवत बसलेले, आणि पंखा भिंतीला वारा घालतोय.

पण खरा तमाशा पाण्याचा. शॅमेलिऑनला वाटीतलं पाणी पाणी म्हणून कळतच नाही. पानावरचा हलता, चमकता थेंब दिसला तरच जीभ लावतो. म्हणून सकाळी आणि दिवे मालवायच्या आधी फवारा मारायचा, तोही फिल्टरच्या पाण्याचा. चाळीत पाणी येतं पहाटे, तासभर. आई पिंपं भरत म्हणायची, "आम्हाला तासभर नळ आणि याला दोन वेळा पाऊस." दिवसभर थेंब पडत राहावेत म्हणून मी एक युक्ती केली, बरेच लोक करतात, मेडिकलमधून सलाईनचा सेट आणला. मेडिकलवाला ओळखीचा. "कोणाला रे?" मी घाईत होतो, म्हणालो घरीच. त्यानं सुट्टे पैसेपण घेतले नाहीत. बाटलीत साधं पाणी भरून खिळ्याला टांगली, नळीचं चाक फिरवून दोन-तीन सेकंदांना एक थेंब मनी प्लांटच्या पानावर, खाली तसराळं, आणि आप्पांना कुणी बघू नये म्हणून पिंजऱ्यापुढं आईची जुनी कॉटनची साडी अडकवली. नि ऑफिसला गेलो.

आता गॅलरीतून कसं दिसत असेल बघा. खिडकीतून सलाईनची बाटली, नळी पडद्याआड गेलेली, आत सामसूम. समोरच्या काकूंनी दारातून विचारलं, "अहो, कोणाला लावलंय?" बाबा शब्दकोडं सोडवत होते, मान वर न करता म्हणाले, "आप्पांना."

काकू तशाच खाली गेल्या. बाबांचं कोडं सुटेस्तोवर दारात सहा चपला. एकीनं शहाळं आणलेलं, एकजण डबा घेऊन, मुगाची खिचडी. तळमजल्यावरचे एक गृहस्थ कामावर अर्धा दिवस टाकून आलेले, कारण आप्पांचे जुने मित्र, आणि ते दारात उभं राहून रडवेल्या आवाजात सांगत होते की अरे पण आप्पा गेले ना, तेराव्याला मी स्वतः वाढप केलं, जिलबी कमी पडली होती. नानांनी तर्क लढवला की ते आखाती, आखाती. मग त्या शांत, एकांतात ठेवायच्या प्राण्यापुढची साडी बाजूला झाली आणि आठ तोंडं एकदम जाळीला.

मी आलो तेव्हा आप्पा कोळशासारखे काळे झालेले, तोंड वासून, सगळं अंग चपटं करून उभे. आणि चाळ खूश, की रंग बदलला, रंग बदलला! एक पोरगं लाल रुमाल धरून उभं होतं, काकू जांभळ्या साडीचा पदर पुढं करून. मी सगळ्यांना घसा फोडून सांगितलं की तो पदराला मॅच होत नाही, तो काय ब्लाउजपीस आहे का! मूड, उजेड, ऊब, समोर कोण आहे यावर रंग ठरतो. जिनिव्हाच्या संशोधकांनी 2015 ला पँथर शॅमेलिऑनवर दाखवलं की कातडीत बारीक स्फटिक असतात, त्यांच्यातलं अंतर बदललं की परत फिरणारा उजेड बदलतो. कुणी ऐकलं नाही. आमच्याकडं त्याचे रंग दोनच: हिरवा म्हणजे बरं चाललंय, काळा म्हणजे पाहुणे आलेत. शहाळं बाबांनी प्यायलं.

खाणं थोडक्यात सांगतो, कारण जेवताना वाचत असाल. पिल्लाला दिवसाला दहा-बारा बारीक रातकिडे, किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. त्या किड्यांना आधी चांगलंचुंगलं खायला घालायचं, गाजर, शेवग्याचा पाला, म्हणजे ते सगळं आप्पांच्या पोटात जातं. मग किडे पिशवीत घालून कॅल्शियमच्या पावडरीत घोळवायचे, डिट्टो आई सुरमई घोळवते तसे. तिनं हे बघितलं आणि त्या दिवसापासून घरात सुरमई झालेली नाही. आणि रोजची शी तपासायची, त्यातला पांढरा भाग पांढराच पाहिजे, केशरी झाला की पाणी कमी पडतंय. पहिल्यांदा शुभ्र दिसला तेव्हा मी ओरडून सांगितलं, बाहेर काकू होत्याच. म्हणाल्या, "आप्पांचं सगळं लवकर होऊ दे रे बाबा."

तर नायलॉनची जाळी. किड्यांनी ती कुरतडली आणि वीसेक जण फरार झाले. बारके होते, मी म्हटलं मरतील. महिन्याभरानं रात्री एक वाजता फ्रिजमागं किर्रर्र. रातकिड्याचं पिल्लू मुकं असतं, मोठं होऊन पंख आले की नर पंख घासून गातो, आणि आमच्याकडं शेवग्याचा पाला खाऊन तयार झालेले गवई होते. दिवा लावला की गप्प. मालवला की सुरू. बाबांना कोकणात गेल्यासारखी गाढ झोप, मी आणि आई टॉर्च घेऊन जमिनीवर पालथे, नि भिंतीपलीकडून नाना ठोकतायत की मिक्सर बंद करा. आता जाळी लोखंडी आहे. एक गवई अजून सापडलेला नाही.

सगळ्यात जड गेलं ते सात वाजताचं. बारा तास उजेड, बारा तास पूर्ण अंधार, त्यात फट नको. सकाळी सातला ट्यूब लागते म्हणजे संध्याकाळी सातला बाहेरची खोली बंद. आईची मालिका सातला. ती आता स्वयंपाकघरात मोबाईलवर, कानात वायर घालून बघते, आणि मालिकेत कुणी वाईट वागलं की कानात वायर असल्यामुळं मोठ्यानं शिव्या देते, मग मी आणि बाबा एकदम "शूऽऽ". दार लावून घेतो आम्ही. चाळीत सात वाजता दार लावलेलं म्हणजे घरात मयत तरी किंवा भांडण तरी, पण आता लोकांना सवय झालीय.

परवा असंच अंधारात, स्वयंपाकघरात ताटं मांडीवर घेऊन बसलेलो, दारावर टकटक. चाळमालकाचा माणूस, हातात भाडेकरूंची यादी. चाळ पाडायची बोलणी चाललीत, तेव्हा कोण राहतं, कोण नाही बघत फिरतायत. बाबांनी दार बोटभर उघडलं.

"पावती आप्पांच्या नावावर आहे. राहतात का इथं?"

बाबांनी ओठांवर बोट ठेवलं. "झोपलेत. सातला झोपतात."

त्यानं फटीतून आत बघितलं. अंधार, पडदा, वर टांगलेली सलाईनची बाटली. "अरे अरे. तब्येत कशी आहे?"

मला वाटलं आता बाबा खरं सांगतील. तेवढ्यात आतून आई, कानात वायर न काढता, अख्ख्या गॅलरीला ऐकू जाईल अशी: "आता बरंय हो! कालपासून फूलपण खातात जास्वंदीचं!"

तो माणूस जरा वेळ तसाच उभा राहिला. मग यादीवर काहीतरी खूण केली, "नको, नको, उठवू नका," म्हणाला, आणि चपला हातात घेऊन जिना उतरला.