खर्च वाढला म्हणजे गरिबी हटली का?

बेळगाव, खानापूर, निपाणी परिसरातील मराठी गटांवर सध्या एक संदेश फिरत आहे. देशातील २४.८२ कोटी लोक गरिबीतून बाहेर आले, खेड्यातला माणूसही आता दवाखान्यावर आणि इंग्रजी शाळेवर सढळ हाताने खर्च करतो, तेव्हा कर्नाटक सरकारच्या अन्नभाग्य योजनेतून रेशनवर मिळणारा मोफत तांदूळ बंद करावा, असा त्याचा आशय आहे.

पहिला आकडा नीती आयोगाचा आहे आणि तो खोटा नाही. २०१३-१४मधील २९.१७ टक्के गरिबी २०२२-२३मध्ये ११.२८ टक्क्यांवर आली, असा आयोगाचा अंदाज आहे. मात्र ही बहुआयामी गरिबी होय. पोषण, शालेय वर्षे, शौचालय, वीज, बँक खाते अशा १२ निर्देशकांवर ती मोजली जाते आणि घरात किती रुपये आले वा गेले, हे त्यात पाहिलेच जात नाही.

घरे किती खर्च करतात, याची केंद्र सरकारची पाहणी वेगळी असते. ग्रामीण भागातील सरासरी दरडोई मासिक खर्च २०११-१२मध्ये १,४३० रुपये होता, तो २०२३-२४मध्ये ४,१२२ झाला. जवळजवळ तिप्पट, हे खरे. पण २०११-१२च्या किमतींत, म्हणजे महागाई वगळून, मांडला तर तो २,०७९ एवढाच भरतो (पाहणीची पद्धतही मधल्या काळात बदलली, हे वेगळेच). शिवाय २०२३-२४मध्ये ४,१२२च्या या सरासरीसमोर अगदी तळच्या ५ टक्के ग्रामस्थांचा दरडोई मासिक खर्च १,६७७ रुपये होता. सरासरीकडे बोट दाखवून त्यांचे रेशन तोडायला निघणे, याला हिशेब म्हणत नाहीत.

खरी गफलत दवाखान्याविषयी आहे. निपाणीत विड्या वळणाऱ्या एखाद्या बाईने नवऱ्याच्या शस्त्रक्रियेसाठी दागिने गहाण ठेवून मिरजेला पैसे भरले, तर पाहणीत ती रक्कम त्या घराचा उपभोगखर्च म्हणून धरली जाते; डोक्यावर झालेले कर्ज त्यातून वजा होत नाही. परिणामी ज्या वर्षी घर बुडाले, त्याच वर्षी ते कागदावर दारिद्र्यरेषेच्या वर चढलेले दिसू शकते. देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४मधील ६४.२ टक्क्यांवरून २०२१-२२मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला, ही सुधारणा मान्य करायलाच हवी. तरीही शंभरातले चाळीसेक रुपये अजून घरातूनच जातात.

शाळेच्या फीचेही तेच. जवळच्या सरकारी शाळेवर भरवसा उरला नाही की फी नाइलाजाने भरली जाते. तिच्यावरून ऐपत ठरवता येत नाही.

राहिला तांदूळ. सामाजिक योजनांतून मोफत मिळालेल्या धान्यादी वस्तूंची किंमत धरली, तर ४,१२२चे ४,२४७ रुपये होतात. सरासरीच्या दृष्टीने हे १२५ रुपये किरकोळ आहेत, पण तळच्या घराला तसे म्हणता येणार नाही. रेशन बंद झाले तर तोच तांदूळ त्याला बाजारभावाने घ्यावा लागेल, आणि संदेश लिहिणाऱ्याच्या रीतीने पाहिले तर त्याचा खर्च पुन्हा ‘वाढलेला’ दिसेल.