नसलेला क्लच

मला गाडी चालवता येत नाही, असे गेल्या रविवारी जाहीर झाले. आणि कारण काय, तर मी क्लच नीट सोडत नाही. ज्या गाडीत क्लचचे पेडलच नाही, त्या गाडीत बसून शेजारच्या काकांनी हा निकाल दिला.

माझ्या ऑटोमॅटिक गाडीचा गिअर इतका लोण्यासारखा बदलायचा की दुसरा संपून तिसरा केव्हा लागला हे कळतच नसे. कंपनी याला आराम म्हणते. प्रत्यक्षात त्या वेळी आतल्या क्लचच्या प्लेटा एकमेकींवर घसरत असतात, घसरणीने तेल तापते आणि तापलेले तेल लवकर म्हातारे होते. म्हणून दोष तपासण्यासाठी गाडीत असलेल्या डायग्नॉस्टिक पोर्टला लॅपटॉप जोडून मी त्या प्लेटा आवळणाऱ्या तेलाचा दाब थोडा वाढवला आणि गिअर बदलण्याची अपेक्षित वेळही त्याच बेताने कमी केली. अनेक गिअरबॉक्समध्ये ही दोन्ही कामे बरोबरच करावी लागतात, कारण नुसता दाब वाढवला, तर गाडीतला संगणक ‘गिअर फारच लवकर बदलला’ असे समजून तो दाब हळूहळू परत काढून घेतो. दाब बेसुमार वाढवला, तर चाकांना जोर पोचवणारे शाफ्ट आणि इंजिन धरून ठेवणारी माउंटिंग यांना हिसके बसतात, हेही मला ठाऊक होते. थोडक्यात, काम जबाबदारीने झाले होते.

चाचणीच्या फेरीला काका आपणहून शेजारी येऊन बसले. दुसऱ्याचा तिसरा झाला, तेव्हा हलकासा, मला तरी अतिशय समाधानकारक वाटलेला ठोका जाणवला.

“क्लच सोडताना घाई करतोस तू,” काका म्हणाले.

“काका, या गाडीत क्लचचे पेडल नाही.”

काकांनी वाकून माझ्या पायांकडे पाहिले. “डावा पाय रिकामाच ठेवलायस की! मग धक्का बसणारच.”

आत एक सोडून अनेक क्लच असतात, ते तेलाच्या दाबाने आवळले जातात आणि केव्हा, किती आवळायचे हे संगणक ठरवतो, असे मी शक्य तितक्या शांतपणे सांगितले.

“म्हणजे क्लच आहे.”

“आहे, पण माझ्या पायाखाली नाही.”

“तेच म्हणतोय मी. तुझा त्याच्यावर ताबा नाही. त्या संगणकाला सांग, जरा सावकाश.”

“त्याला घाई करायला मीच सांगितले आहे.”

काका काही क्षण गप्प बसले. मग त्यांनी वरची कडी धरली आणि अत्यंत काळजीने विचारले, “मुद्दाम?”

या एका शब्दाने माझी सारी तांत्रिक बाजू कोसळली. १९४० सालच्या अमेरिकन ओल्डस्मोबिल गाड्यांना हायड्रामॅटिक हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मिळाला, तेव्हापासून गिअर बदलल्याचे प्रवाशाला कळू नये म्हणून अभियंत्यांनी आयुष्ये खर्ची घातली आहेत. आजही ऐन बदलाच्या क्षणी इग्निशन मागे ओढून, म्हणजे ठिणगी किंचित उशिरा पाडून, इंजिनाचा जोर निमिषभर कमी केला जातो. हे कौशल्य मला मान्य आहे. पण ठोका लपवण्याची किंमत प्लेटांनी मोजायची आणि त्या झिजल्या की गिअरबॉक्स उघडण्याचे बिल मी भरायचे, हा कुठला आराम? शिवाय आपल्या मालकीच्या गाडीतले हे आकडे पाहण्यासाठी वेगळे सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागते, याचा राग मला काकांपेक्षाही जास्त आहे.

उतरताना काकांनी क्लच प्लेट बदलून घेण्याचा सल्ला दिला. संध्याकाळपर्यंत तो जिन्यातल्या सर्वांना कळला होता आणि दोघांनी मला मेकॅनिकही सुचवला.

शेवटी सॉफ्टवेअरमधल्या तक्त्यात, अ‍ॅक्सिलरेटर हलका दाबल्यावर लागू होणाऱ्या रकान्यांत, मी मूळचे आकडे परत भरले. पाय जोरात पडला तरच आता गिअर खणखणीत बदलतो. काका बसले की मी पाय अलगद ठेवतो. परवाच्या फेरीनंतर ते म्हणाले, क्लच सुधारला, पण गाडीचा पिकअप गेला.