मामा, अंगठा काढा

मामांशी माझा अबोला आहे. त्यांच्या तो अजून लक्षात आलेला नाही, ही गोष्ट वेगळी.

कोऱ्या डीव्हीडींचा नवा गठ्ठा तपासायला बसलो होतो. डीव्हीडी-आर एकदाच लिहिता येते. म्हणजे चांगली निघाली तरी हातची गेलीच. शिवाय प्रत्येक ड्राइव्हची तऱ्हा निराळी. चकतीत उत्पादकाचा कोड असतो, तो वाचून लेझर कसा मारायचा ते ड्राइव्ह ठरवतो. कोड ओळखीचा नसला की सगळं अंदाजपंचे. म्हणून दोन ड्राइव्ह घेऊन बसलो, तर मामा खुर्ची ओढून शेजारी.

"सिनेमा कुठला?"

"सिनेमा नाही मामा. फालतू फायली आहेत."

"फालतू फायली नीट लिहिल्या गेल्या का, हे बघतोयस?"

एवढ्या मायेनं विचारलं की उत्तरच सुचेना. मग सांगितलं, पीआय एरर, म्हणजे चकती वाचताना ड्राइव्हला सापडणाऱ्या चुका, डेटाच्या आठ ब्लॉकमागे (तुकड्यांमागे) 280च्या वर जाता कामा नयेत.

"म्हणजे 279 चुका चालतात?"

"चालतात. ड्राइव्ह दुरुस्त करून घेतो."

"मग तो करतोय ना! तू कशाला जागतोस?"

एवढं बोलून त्यांनी बर्न केलेली एक चकती उचलली, उजेडात धरली, तीवर 'हाऽऽ' केलं आणि सदऱ्यानं गोल गोल पुसली. गोल! पुसायचीच तर मधून कडेकडे पुसतात हो! "एक नंबर माल," मामा म्हणाले. अंगठा बरोबर कडेवर, लिहिलेल्या बाजूला.

चुकांचा आलेख चार जीबीपर्यंत गवतासारखा सपाट, आणि पुढे, म्हणजे कडेजवळ, थेट सुळका. तीच चकती दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घातली, तर सुळका जेमतेम टेकाडाएवढा.

"बघ! चकती चांगली आहे, तुझा ड्राइव्हच गेलाय."

राग याचा येतो की हे अगदीच चूक नाही. आकडे चकतीचे म्हणून दिसतात, त्यात ड्राइव्हची नजरही मिसळलेली असते. पण अंगठ्याचं काय? आणि डब्याचं? वर नाव एकाचं, आतला कोड दुसऱ्याच कारखान्याचा. पुढच्या वेळी तोच डबा, तोच रंग, कोड तिसराच. भांडायचं तरी कुणाशी?

मामांनी मात्र घरभर सांगून टाकलंय. मावशीनं लगेच माळ्यावरचा जुना ड्राइव्ह काढून दिला. तो फक्त सीडी वाचतो.